यादीत एक पुस्तक कमी आहे

सोमवार, २ डिसेंबर

प्रिय शेंगे,

आशीर्वाद आहेतच. दरवेळी ते लिहायलाच हवेत असं नाही, पण न लिहिता सुरुवात केली तर तू म्हणशील दादा अजून घुश्शात आहे. म्हणून लिहितो : अनेक आशीर्वाद. भावोजींचा गुडघा आता बरा असेल. तुझ्या वहिनीचा खोकला गेला. माझं नेहमीचंच, सकाळी नऊ ते संध्याकाळी सात दुकान, समोर लोकांचे बिघडलेले वजनकाटे आणि मी.

पत्राचं कारण असं. परवा भाचीचा फोन आला. म्हणाली, मामा, या सुट्टीत कोणती पुस्तकं हवीत? मी विचारलं, हे कोण विचारतंय? तर म्हणाली, मीच विचारतेय, आई नाही विचारत. तेवढ्यात तिच्यामागे कुणीतरी खाकरलं. ते खाकरणं मी तू फ्रॉक घालायचीस तेव्हापासून ओळखतो. तू मुख्याध्यापिका झालीस, केस पिकले, पण खाकरणं तेच राहिलं. तेव्हा यादी तिने मागितली असली तरी पत्र तुझ्या नावाने पाठवतोय. तिचं म्हणणं, मेसेज करा. मेसेजवर यादी होत नाही, शेंगे. मेसेजवर निरोप होतो. यादीला कागद लागतो, समास लागतो.

दोन सुट्ट्या गेल्या, तू यादी मागितली नाहीस आणि आलीही नाहीस. मी त्यावर काही म्हणत नाही. नुसती नोंद केली.

आता यादी. दोन वर्षांची साठली आहे, तेव्हा थोडी लांब वाटेल.

सर्वांत आधी तो मोठा शब्दकोश, दुसरा खंड. पहिला खंड तूच आणलास, अकरा वर्षांपूर्वी, 'अ' ते 'न'. म्हणालीस, दुसरा पुढच्या सुट्टीत. पुढच्या सुट्टीत तो दुकानात नव्हता, त्याच्या पुढच्या सुट्टीत तू विसरलीस, मग मी मुद्दाम आठवण करून दिली नाही. परिणाम असा की गेली अकरा वर्षं 'न'पर्यंतचे शब्द मी खात्रीने वापरतो आणि 'प'पासून पुढचे अंदाजाने. 'वजन' हा माझ्या पोटापाण्याचा शब्द, तोसुद्धा दुसऱ्या खंडात. बांधणी पहिल्यासारखीच तपकिरी, कापडी. हिरवी निघाली असेल तर आणू नये.

मग भरती-ओहोटीवरचं पुस्तक. मी समुद्र आयुष्यात दोनदाच पाहिला, पण त्याने काही बिघडत नाही. कॅप्टनने लिहिलंय ते हवं, प्राध्यापकाने लिहिलंय ते नको. पुठ्ठ्याची बांधणी बघावी. स्वस्त आवृत्तीत नकाशे एवढे लहान केलेत की त्यांवर माशी बसलीय की बेट आहे ते कळत नाही.

तिसरं, त्या करंगळी नसलेल्या इन्स्पेक्टरच्या कथांचा तिसरा भाग. पहिला, दुसरा आणि चौथा माझ्याकडे आहे. दुसऱ्या भागाच्या शेवटी त्याची दहाही बोटं जागेवर आहेत आणि चौथ्याच्या पहिल्याच पानावर नऊ. मधे काय झालं ते कुणी मला सांगू नये, भाचीला ताकीद दे.

चौथं, वजनमापांचा इतिहास, जाडा. वाचनालयातली प्रत मी तीनदा आणली. तिच्यातली पानं २११ ते २२६ गायब आहेत, आणि माझी पक्की खात्री आहे की मला हवं ते सगळं त्याच सोळा पानांत आहे.

वहिनीसाठी कुंड्यांतल्या बागेचं एखादं, चित्रं मोठी असलेलं. नाहीतर ती दर पानाला मला हाक मारते.

सूचना नेहमीच्याच. पहिल्या पानावर शाईने काही लिहू नये, लिहायचंच तर पेन्सिलीने, उजव्या कोपऱ्यात. किमतीचं लेबल नखाने खरवडू नये, मी वाफेवर काढतो.

गंमत सांगतो. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याचा काटा आणला दुरुस्तीला. रिकामा असताना तीन ग्राम दाखवतो. विचारलं, किती दिवस झाले? म्हणाला, आठ वर्षं. मी हबकलोच. तर तो शांतपणे म्हणतो, "अहो, मला सवय आहे, मी मनातल्या मनात वजा करतो." आता सांग, असल्या माणसाला काय म्हणायचं? काटा शून्यावर आणून दिला तर दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन हजर, म्हणे आता सगळं कमी भरतंय. सवयीने अजून वजाच करत होता.

तुझ्या पुस्तकाचं जे झालं त्यावर मला एवढंच म्हणायचंय की मी त्रेचाळीस चुका दाखवल्या आणि त्या त्रेचाळीसच होत्या. आपल्या जुन्या घराला पायऱ्या बारा होत्या, अकरा नव्हत्या. आईची शाल राखाडी होती. सायकलची घंटा उजव्या बाजूला. घरावर पुस्तक लिहायचं तर घर नीट आठवायला हवं. पुस्तक परत पाठवताना सोबत चुकांचा कागद जोडला, त्यात एकही शब्द बोचरा नव्हता. तू उत्तरात लिहिलंस, "मिळालं." बस, एवढंच. तर तो विषय माझ्याकडून संपला.

सुट्टी कधी लागते ते कळव.

तुझा,
दादा


गुरुवार, १२ डिसेंबर

प्रिय शेंगे,

आशीर्वाद. तुझं कार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर दोनच वाक्यं : "यादी मिळाली. एक पुस्तक कमी आहे."

मी यादीची नक्कल ठेवतो हे तुला ठाऊक आहे. नक्कल काढून पाहिली. चार माझी, एक वहिनीचं, पाच. कमी काहीच नाही. तरी मुख्याध्यापिका म्हणतेय म्हटल्यावर दोनदा मोजलं. वहिनी बाजूला बसून हसत होती. मी विचारलं, हसायला काय झालं? तर म्हणे, काही नाही, तुम्ही मोजा.

कदाचित तुला म्हणायचं असेल की दोन वर्षांच्या मानाने पाच पुस्तकं थोडी आहेत. तसं असेल तर पुरवणी देतो. दीपगृहात एकट्याने सतरा वर्षं काढलेल्या माणसाच्या रोजनिशीचं पुस्तक निघालंय. भाची म्हणाली, रटाळ आहे. रटाळच हवं. सतरा वर्षं दीपगृहात बसून जो चटपटीत लिहील तो खोटं बोलतोय. दुसरं, कुलपांवरचं, चावी आत कशी फिरते त्याच्या आडव्या छेदाच्या आकृत्या असलेलं. आणि एखादं कवितांचं. होय, मीच लिहितोय हे. कोणाचं ते तू ठरव. ओळी लहान असाव्यात आणि कवीने पानावर जागा उगाच वाया घालवलेली नसावी.

म्हणजे आता आठ झाली. याहून जास्त ठेवायला जागाही नाही. कपाट तुला आठवत असेल, मी स्वतः केलंय, पाणसळ लावून. बुडबुडा अजून मधोमध उभा राहतो. पाच फळ्यांवर तीनशे बारा पुस्तकं आहेत, आणि त्यात तुझी जुनी शाळेची पुस्तकंही सगळ्यांत खालच्या फळीवर. वर्तमानपत्राची कव्हरं पिवळी पडलीत, पण सुटली नाहीत. सुट्टी लागली की सुतळीने बांधलेला गठ्ठा माझ्या मांडीवर टाकायचीस आणि म्हणायचीस, घे, माझं झालं. काय तो तोरा! पुढे तुला नोकरी लागली तशी जुन्याची नवी पुस्तकं झाली, पण गठ्ठा सुट्टीच्या पहिल्याच दिवशी यायचा आणि तूच आणायचीस. इतक्या वर्षांत एकदाही पोस्टाने पाठवला नाहीस.

वहिनीचं एक नवीनच खूळ. म्हणते, दुसऱ्या फळीवर फट का ठेवलीय? मी सांगितलं, पुस्तकांना हवा लागते. ती म्हणाली, मग बाकीच्या चार फळ्यांवरची पुस्तकं श्वास घेत नाहीत वाटतं. बोलायला तिला कोण हरवणार. गेली दोन वर्षं ती फट पुसायच्या निमित्ताने रोज तिथे फडकं घालते आणि माझ्याकडे बघते.

फट चौदा मिलिमीटर आहे. माहिती म्हणून सांगितलं.

सुट्टीचं तू काहीच लिहिलं नाहीस.

तुझा,
दादा


शुक्रवार, २० डिसेंबर

शेंगे,

कार्ड काल आलं. "पुरवणी मिळाली. अजूनही एक पुस्तक कमी आहे. सुट्टी लागली. अठ्ठावीसला निघतो. कुठे जायचं ते ठरलेलं नाही."

दुकानातच वाचलं. औषधवाला समोर उभा होता, त्याला म्हटलं, आज जमणार नाही, उद्या या. त्याने विचारलं, काही वाईट बातमी? म्हटलं, नाही, बहिणीचं पत्र आहे. तो म्हणाला, मग ठीक आहे. त्याला बहुतेक बहीण नसावी.

घरी गेलो आणि जे तुला सांगायचं ते आधी तुझ्या वहिनीला सांगून पाहिलं. काटा दुरुस्त झाला की आधी घरचं वजन ठेवून बघतो ना, तसं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एवढंच? मला वाटलं तुम्ही कुणाचा खून केलाय." मग उरलेल्या कपड्यांच्या घड्या घातल्या. शेवटचा टॉवेल ठेवला आणि म्हणाली, "हे मला कशाला सांगता? तिला सांगा."

तर सांगतो. मधे थांबलो तर परत दीपगृहाकडे वळेन, म्हणून एका दमात लिहितोय. खाडाखोड दिसेल, माफ कर. ('माफ' दुसऱ्या खंडात आहे. अंदाजाने वापरलाय.)

तुझ्या पुस्तकाच्या पाचव्या पानावर एकच ओळ होती. "ज्याने माझ्यासाठी शाळा सोडली, त्या दादाला."

पुस्तक आलं त्या दिवशी वहिनीने ती ओळ शेजारच्या शिंपीणबाईंना वाचून दाखवली, मग घरमालकांना, मग कुरिअरवाल्याला थांबवून. मी पान पाच उलटलं आणि पान नऊवर पायऱ्या मोजायला लागलो. पुढचे चार दिवस पेन्सिल घेऊन बसलो होतो. शाल, घंटा, खिडकीचे गज, विहिरीचा कठडा. एवढ्या चुका काढल्या की पुस्तक घरात ठेवायलाच नको असं सिद्ध झालं. चव्वेचाळिसावी मला पहिल्याच दिवशी सापडली होती. ती तेवढी लिहिली नाही.

तू सहावीत होतीस, मी आठवीत. आई पाठीच्या दुखण्याने अंथरुणावर होती. बाबा ट्रकवर, महिन्यातले तीन आठवडे बाहेर. आत्या सुट्टीपुरती आली होती. निकालाच्या दिवशीच बाबा घरी आले होते, ते पायऱ्यांवर बसले, वरून चौथ्या. मी शाळेतून आलो तेव्हा तू त्यांच्यासमोर निकालपत्रक हातात धरून उभी होतीस. पहिली आली होतीस आणि कुणी विचारेना, म्हणून ते वाऱ्यावर धरल्यासारखं हलवत होतीस. बाबांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते म्हणाले, आत्या सुट्टी संपली की जाईल, दोघांपैकी एकाला वर्षभर घरी थांबावं लागेल. असं म्हणून त्यांनी तुझ्याकडे पाहिलं. आत्यानेही तुझ्याकडेच पाहिलं. तुझा हात हलायचा थांबला.

मी म्हणालो, "मी थांबतो."

बाबा उठले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तसा त्यांनी आधी कधी ठेवला नव्हता, नंतरही नाही.

शेंगे, माझं निकालपत्रक तेव्हा माझ्या सदऱ्याच्या आत, पोटाशी होतं. मी नापास झालो होतो. गणितात एकोणीस, भाषेत अठ्ठावीस. खाली वर्गशिक्षकांचा शेरा, "तपशिलाकडे लक्ष नाही." घरी कसं सांगायचं या विचारात मी वाटेत दोनदा परत फिरलो होतो. आणि घरी आलो तर सांगायची गरजच उरली नाही. मला त्याच वर्गात खालच्या मुलांबरोबर पुन्हा बसायचं नव्हतं, शेंगे. त्यापेक्षा आईजवळ बसणं सोपं होतं. वाटलं, हात डोक्यावरून निघाला की सांगू. निघाला तोवर आत्या फाटकापर्यंत पोचून शेजारणीला सांगत होती, मुलगा म्हणजे रत्न आहे, बहिणीसाठी शाळा सोडली. माझा निकाल कुणी विचारलाच नाही. वर्ष संपलं, आई उठून हिंडू-फिरू लागली, बाबा म्हणाले, आता जा परत शाळेत. मी म्हटलं, आता काट्यांचं काम शिकतोय, आवडतंय. त्यावरही आत्याने काहीतरी डोळे पुसत म्हटलं.

पास झालो असतो तर मी तेव्हा "मी थांबतो" म्हणालो असतो का? हे अडतीस वर्षं तोलतोय. कधी वाटतं, हो. कधी वाटतं, मान खाली घालून गप्प बसलो असतो आणि तू थांबली असतीस. काटा हलतो आणि स्थिर होत नाही. असा काटा मी गिऱ्हाइकाला परत देत नाही, पण तुला दिल्यावाचून आता इलाज नाही.

इतकी वर्षं लोक माझं जे कौतुक करत ते मी ऐकून घेई आणि मनातल्या मनात वजा करी. तुझ्या लग्नात केलं, तुला बढती मिळाली तेव्हा केलं. त्या औषधवाल्याला मी हसलो, पण त्याची आठच वर्षं झाली होती.

पण एक गोष्ट वजा न करता सांगतो. दोन वर्षांनी तू आठवीचा गठ्ठा मांडीवर टाकलास. त्यात गणिताचं पुस्तक होतं, तेच, ज्यात मला एकोणीस होते. तू समासात पेन्सिलीने उदाहरणं सोडवली होतीस, आणि पान चाळीसवर एक चुकलं होतं. हातचा घ्यायला विसरली होतीस. मला ते दिसलं. मला, एकोणीसवाल्याला! त्या आनंदात मी रात्रीपर्यंत सगळं पुस्तक सोडवून टाकलं आणि तुझ्या आणखी सहा चुका काढल्या. माझी शाळा तिथे सुरू झाली. लोक म्हणतात हा स्वतःच्या हिमतीवर शिकला आणि मीही छाती पुढे काढून मान डोलावतो. खरं म्हणजे दर सुट्टीत एक मुलगी गठ्ठा आणून टाकत होती आणि मी तिच्या चुका शोधत शोधत मागून चाललो होतो. शिकायची मला तेवढी एकच रीत आली, चुका शोधायची. आपल्या माणसावर माया करायचीही बहुतेक तीच आली. तुझं पुस्तक परत पाठवलं तेव्हा तुला काय वाटलं असेल ते मला दोन वर्षं कळत होतं. तरी कपाटातली फट मोजत बसलो.

असो. सोबत निकालपत्रक जोडलंय. मूळ प्रत आहे, झेरॉक्स नाही. वजन चार ग्राम. कपाटाच्या मागच्या फळीखाली चिकटवून ठेवलं होतं. वाचून झाल्यावर परत आणावं.

काल संध्याकाळी शब्दकोशात 'नापास' पाहिला. पहिल्या खंडातच आहे, अगदी शेवटाकडे. अकरा वर्षं मी तो सोडून बाकीचे सगळे पाहिले होते. अर्थ बरोबर दिलाय.

तर आता सुधारित यादी. आधीची आठ पुस्तकं राहिली तरी चालतील. इन्स्पेक्टरची करंगळी आणखी वर्षभर गायब राहू दे. दुसऱ्या खंडाशिवाय इतकी वर्षं बोललो, आणखी बोलेन. नववं तेवढं आणावं : तुझं पुस्तक. नवी प्रत नको, मी परत पाठवली तीच, माझा कागद आत असेल तर कागदासकट. पान पाचवरच्या ओळीचं काय करायचं ते तू ठरव. तपासणी हे तुझं काम. ठेवलीस तर मी ती वाचेन, न उलटता. बदललीस तर तीही वाचेन. पायऱ्या मात्र बाराच होत्या. त्यात फेरफार नाही.

अठ्ठावीसला दुकान बंद ठेवतोय. पाटी मी आजच रंगवली. सकाळच्या पहिल्या गाडीपासून स्टँडवर उभा असेन. वहिनी म्हणते, आधी येतील का ते तरी विचारा. म्हणून विचारतो. याल का? भावोजींना, भाचीला, तिघांनाही विचारतोय, पण आधी तुला.

आणि पहिल्या पानावर काही लिहावंसं वाटलं तर यावेळी शाईने लिही. मी काही म्हणणार नाही.

तुझा,
आठवी नापास,
दादा